इथं नको, जरा आत चला

गेटवेसमोर पाहुण्यांचे फोटो काढून होतात, घड्याळात साडेबारा वाजतात, कोणीतरी भुकेचा विषय काढतं आणि वाटाड्याच्या अंगात वारं येतं. समोर ताज आहे, १९०३ पासून आहे. कॉजवेवर लिओपोल्ड आहे, ते तर १८७१ पासून. ‘शांताराम’ कादंबरी वाचून आलेली परदेशी मंडळी तिथं टेबलाची वाट बघत उभी असतात. वाटाड्या या दोन्हींकडे पाठ करून उभा राहतो. “इथं नको,” तो म्हणतो. “इथं पंख्याच्या वाऱ्याचेही पैसे लावतात. जरा आत चला, घरगुती मिळेल.” हे ‘जरा आत’ म्हणजे चार किलोमीटर, हे नागपूरहून आलेल्या साडूला ठाऊक नसतं. वाटाड्याच्या बायकोला ठाऊक असतं. ती पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून मुलांच्या हातात देते.

हा गृहस्थ पन्नाशीच्या पुढचा. बँक, विमा कंपनी, मंत्रालय किंवा पोर्ट ट्रस्ट यांपैकी कुठूनतरी निवृत्त झालेला, नाहीतर निवृत्तीला टेकलेला. जन्म गिरगावातल्या नाहीतर लालबागच्या चाळीतला. मुक्काम मात्र वीस-पंचवीस वर्षं डोंबिवलीत किंवा बोरिवलीत. खोली गेली, ब्लॉक आला, लिफ्ट आली, पण त्याची भूक अजून ठाकूरद्वारच्या नाक्यावरच उभी आहे. डोंबिवलीत घराखाली मिळणारी मिसळ त्याला चालत नाही. ती खाताना तो मान हलवतो आणि “ठीक आहे, पोट भरायला ठीक आहे,” म्हणतो.

त्याचा एक सिद्धांत आहे, आणि तो पूर्णपणे चुकीचा नाही. जिथं फास्ट लोकल थांबत नाही, तिथं जेवण स्वस्त. करी रोड, चिंचपोकळी ही त्याची प्रमाणं. भायखळ्यापासून दादरपर्यंत फास्ट गाडी धडधडत निघून जाते. तिच्यात बसलेल्यांना खालच्या गल्लीतला बांगड्याचा वास येतो, बांगडा मिळत नाही. कोणी विचारलं, “मग दादरचं काय? तिथं तर सगळ्याच गाड्या थांबतात,” तर तो गोंधळत नाही. “दादरला स्टेशनपासून दहा मिनिटं चालायचं. दहा मिनिटांत निम्मी गर्दी गळते.” छबिलदासच्या गल्लीतला वडा स्टेशनपासून दोन मिनिटांवर आहे आणि तरीही स्वस्त आहे, ही अडचण तो अपवाद म्हणून सोडून देतो.

गिरगाव हे त्याचं माहेर. हुतात्मा चौकातून मेट्रोनं तिसरं स्टेशन गिरगाव, ऑक्टोबर २०२५ पासून ही सोय झाली आहे. पण वाटाड्या मेट्रोनं जात नाही. जमिनीखालून गेलं तर पाहुण्यांना दाखवायचं काय? तो चर्चगेटहून स्लो पकडतो, दुसऱ्याच स्टेशनवर, चर्नी रोडला, उतरवतो आणि मग चालवतो. वाटेत इथं काय होतं, तिथं काय होतं हे सांगत जातो. ठाकूरद्वारला ‘विनय हेल्थ होम’मध्ये शिरला तर पाहुण्यांचं नशीब, कारण तिथं मिसळ खरोखर मिळते. पण पुष्कळदा तो आधी त्यांना खोताच्या वाडीत नेतो आणि लाकडी गॅलऱ्यांच्या त्या जुन्या घरांमधून फिरवत एका बंद दरवाजाशी आणून उभा करतो. “हे अनंताश्रम.”

अनंताश्रम बंद होऊन बरीच वर्षं झाली. मासे उत्तम, आदरातिथ्य बेताचं, अशी त्याची ख्याती होती. जेवणाऱ्यानं जेवावं, गप्पा घरी जाऊन माराव्यात, अशी तिथली शिस्त. वाटाड्या त्या दारासमोर उभा राहून आमटीचं वर्णन करतो, सुरमईच्या तुकडीची जाडी दोन बोटांनी दाखवतो. साडू कोरड्या घशानं ऐकतो. मुलं दुसरा पुडा फोडतात. मुंबईत बंद पडलेल्या हॉटेलांचं इतकं चविष्ट जेवण वाढणारा दुसरा माणूस मिळणार नाही, आणि त्याची ही थाळी खरंच सगळ्यांत स्वस्त असते.

इराण्यांकडे तो आवर्जून नेतो. धोबी तलावाचं क्यानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनसमोरचं मेरवान १९१४ चं; सनावळी त्याला तोंडपाठ. मेरवानचा मावा केक सकाळीच संपायचा हेही त्याला पाठ होतं, तरी तो दुपारी तीनला जाऊन विचारायचा. नाही म्हटल्यावर खूश व्हायचा. “बघा, संपला! चांगल्या जागेची हीच खूण.” या न्यायानं त्याची अर्धी मुंबई संपलेल्या पदार्थांची आहे.

लालबाग-परळमध्ये आला की त्याचा आवाज बदलतो. इथं थट्टा थोडी आवरलेली बरी, कारण इथलं स्वस्त जेवण ही कोणाची हौस नव्हती. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून गिरणीत आलेला माणूस बायकामुलं गावी ठेवून यायचा. दहा-पंधरा जणांनी मिळून एक खोली घ्यायची, पाळीपाळीनं झोपायचं आणि जेवायचं खानावळीत, महिन्याच्या हिशेबानं. यांतल्या कितीतरी खानावळी बायका आपल्याच खोलीत चालवत. पगार महिन्यानं, वाण्याची उधारी रोजची; मधल्या फटीत सावकार बसलेला. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाच्या हकिगतीत गिरण्यांचे आकडे असतात. खानावळवालीच्या बुडालेल्या वहीचा आकडा कुठं नसतो. जेवणारे गावी गेले आणि पुष्कळसे परतलेच नाहीत.

त्या खानावळींतून जे काही तगलं, त्याची चव आणि शिस्त लालबागमध्ये अजून सापडते: मोजके पदार्थ, ठरलेली वेळ, फळ्यावर खडूनं लिहिलेलं ‘आज’. वाटाड्याचे वडील बहुधा अशाच एका वहीतलं नाव असतात. तो हे सांगत नाही. तो फक्त फिनिक्स मिलच्या मॉलकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, “तिथं कॉफीला जेवढे घेतात ना…” आणि वाक्य अर्धवट सोडून ‘लाडू सम्राट’मध्ये शिरतो. पाहुण्यांना तिथं एकदाचं खायला मिळतं. दोन वाजून गेलेले असतात.

आता त्याच्या मुख्य दुखण्याकडे येऊ. वाटाड्याला हॉटेल स्वस्त हवं आणि शांतही हवं. या दोन गोष्टी एका टेबलावर क्वचितच बसतात. स्वस्त थाळी परवडते ती टेबल पटापट रिकामं होतं म्हणून. एका दुपारी त्याच खुर्चीवर सहा जण जेवून उठले तर मालकाचं भागतं. तिथं वाटाड्यानं पाऊण तास बसून साडूला गिरणगावाचा इतिहास सांगितला तर पुढच्या दोघांची राइस प्लेट बुडाली. म्हणून तर अनोळखी माणसाशेजारी बसवतात, ताट पुसलं जाण्याआधी वेटर “आणखी काय?” विचारतो आणि बडीशेपेची वाटी बिलाबरोबरच येते. शांतता हवी असेल तर तिचं भाडं द्यावं लागतं, आणि कुलाब्यातल्या कॉफीच्या किमतीत बराचसा भाग त्या भाड्याचाच असतो. मंद दिवे, कोपऱ्यातली खुर्ची, कोणी उठवणार नाही याची हमी. वाटाड्याला हे पटत नाही. “शांत म्हणजे आपल्या माणसांची गर्दी,” असं त्याचं उत्तर.

खरं तर शांत आणि स्वस्त जागा पत्त्यानं सापडत नाही, वेळेनं सापडते. मालवणी हॉटेलांचंच बघा. बुधवार, शुक्रवार, रविवार या दिवशी दादर-परळच्या मासळीच्या हॉटेलांबाहेर माणसं नावं लिहून फुटपाथवर उभी असतात. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. देवांनी वाटून घेतलेल्या या दिवशी त्याच हॉटेलात पंख्याखालची जागा सहज मिळते. श्रावणात तर वेटर गप्पा मारायला येतो. पण एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या माशाचे भाव चढतात आणि घरगुती चवीचा वाटाड्यासुद्धा फळ्यावरचा पापलेटचा दर वाचून कोंबडी-वडे मागवतो. ही वेळापत्रकं त्याला ठाऊक आहेत. तरी तो पाहुण्यांना नेतो रविवारी दीड वाजता, कारण पाहुणे रविवारीच मोकळे असतात.

त्याचा दुसरा शत्रू त्याची स्वतःचीच जीभ. “कोणाला सांगू नका,” असं म्हणत तो नव्या जागेचा पत्ता ऑफिसात सांगतो, लग्नात सांगतो, लोकलमधल्या ग्रुपला सांगतो, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅपवर नकाशासकट टाकतो. सहा महिन्यांनी तिथं रांग लागली की हळहळतो: “आता पूर्वीची चव राहिली नाही.” चव तीच असते, रांगेत तो मागे असतो एवढंच. दादरला सेनाभवनासमोरचं ‘आस्वाद’ १९८६ चं. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत तिथल्या मिसळीला जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, तेव्हा सगळ्या दादरनं पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. वाटाड्या मात्र त्या दिवशी सुतक पडल्यासारखा बसला होता. जगाला कळलं! त्या दिवसापासून तो ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि पियूष यांचा भक्त झाला. तिथंही रांग असतेच, पण ती “आपली” रांग आहे.

सगळ्यात स्वस्त जागी तो कधी जात नाही, हेही सांगायला हवं. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. वाटाड्यानं तिच्याबद्दल मत दिलं, थाळी घेतली नाही. परळला टाटा आणि केईएमच्या आसपास बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक महिनोन्महिने काढतात. कुठं कमी पैशांत पोळीभाजी मिळते, कुठली संस्था किती वाजता जेवण वाटते, कुठं ताट घेऊन पाच मिनिटं शांत बसता येतं, हे त्यांना दोन दिवसांत कळतं. त्यांना वाटाड्या लागत नाही. वाटाड्याला स्वस्ताई आवडते ती परवडणाऱ्याला आवडते तशी, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त ‘लुटतात हो’ म्हणताना त्यानं आवाज जरा खाली ठेवावा.

ओळखीचा प्रसंग प्रत्येक फेरीत असतोच. “मालक आपल्या ओळखीचा,” असं सांगत तो गल्ल्याशी जातो. गल्ल्यावर मालकाचा मुलगा, कधी नातू. “काय म्हणता?” वाटाड्या मोठ्यानं विचारतो. “पार्सल का?” नातू विचारतो. वाटाड्या पाहुण्यांकडे वळून समजुतीनं हसतो. “त्याच्या आजोबांना विचारायला हवं.” आजोबा भिंतीवरच्या तसबिरीत असतात, हार घातलेले.

बायको हे सगळं किती वर्षं बघते आहे. तिला वातानुकूलित हॉटेल आवडतं आणि तिच्याकडे मुद्दाही आहे. “अहो, पूर्वी एसीला जीएसटी जास्त होता म्हणून तुम्ही साध्यात बसवलंत. नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हीकडे पाचच टक्के झाला. आता का घामात बसायचं?” वाटाड्या यावर गप्प राहतो आणि सोलकढी मागवतो. तिनं हिशेब मांडायचं ठरवलं तर आणखीही मुद्दे निघतील: चौघांच्या मिसळीवर वाचवलेले पैसे टॅक्सीत गेले, आणि टॅक्सीचं मीटरच एकतीस रुपयांपासून सुरू होतं.

तरीही त्याच्याबरोबर जावं. ताजमधल्या एकट्याच्या चहाच्या बिलात तो सहा जणांना पोटभर खाऊ घालतो, आणि बिलाला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. जाताना एवढं करा: गेटवेवरून साडेअकरालाच निघा, तो खोताच्या वाडीकडे वळला तर दंडाला धरून ठाकूरद्वारला आणा, मासे खायचे असतील तर मंगळवार धरा, आणि हात धुऊन झाले की टेबल सोडा. मागे कोणीतरी ताटकळत उभं असतं.