साबणवाल्यांना अनाहूत सल्ला

अमेरिकेतल्या दुपारच्या मालिका गेली कित्येक वर्षं आचके देत आहेत आणि मराठी माणूस नुसता बघत बसला आहे, हे काही बरं दिसत नाही. जगाला शून्य आपण दिलं, हे आपण येता-जाता ऐकवतो. पण शून्य कथानकावर रोजची बावीस मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षं कशी काढायची, ही विद्या मात्र आपण घरातच दाबून ठेवली. तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस इथल्या वाहिन्यांच्या मालकांना हे सल्लापत्र. कुणी मागितलेलं नाही, हे खरं. पण मालिकेतल्या आत्याबाईंना तरी घरात कोण बोलावतं? त्या येतात, बॅग दारात ठेवतात आणि बोलायला लागतात.

शिवाय थोडं ऋणही आहे. नव्वदच्या दशकात केबल नवी नवी आली, तेव्हा स्टार प्लसवर 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' लागायच्या. बापाशी झालेलं लग्न मोडून पुढे त्याच्याच मुलाशी करता येतं, आणि त्यानंतरही सगळ्यांना ठेवणीतले कपडे घालून एका दिवाणखान्यात उभं राहता येतं, हे इथल्या मध्यमवर्गाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इंग्रजी निम्मंच कळायचं. उरलेलं निम्मं कळण्याची गरज नव्हती.

रोगी तसा नामांकित घराण्यातला. 1933 साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबणवाल्यांनी ऑक्सिडॉल नावाची धुण्याची पावडर खपवण्यासाठी रेडिओवर 'मा पर्किन्स' ही मालिका चालवली. दुपारी धुणं-भांडी आवरणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात पण कान मोकळे असतात, हे त्यांनी बरोबर हेरलं. 'गायडिंग लाइट' 1937 साली रेडिओवर सुरू झाली, 1952 साली टीव्हीवर आली आणि 2009च्या सप्टेंबरात संपली. 72 वर्षं! आपल्याकडे सासूचे चार दिवस 2001 ते 2013 असे बारा वर्षं चालले, भाग तीन हजारांवर गेले, तर आपण तोंडात बोटं घातली होती. तिकडे अशा दीर्घायुषी सासवा वाहिनीगणिक होत्या. मग एकेक गेली. 2010 साली 'ॲज द वर्ल्ड टर्न्स', 2011 साली 'ऑल माय चिल्ड्रन', 2012च्या जानेवारीत 'वन लाइफ टु लिव्ह'. 1965पासून एनबीसीवर नांदणारी 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' 2022 साली पीकॉक नावाच्या ओटीटीवर हलवली. म्हणजे घरातल्या आजीला गावाबाहेरच्या फ्लॅटवर नेऊन ठेवलं आणि किल्लीऐवजी पासवर्ड दिला.

असं का झालं, तर तिथले जाणकार दोन कारणं पुढे करतात. बायका नोकरीला लागल्या, हे एक. दुसरं म्हणजे ओ. जे. सिम्प्सनचा खटला. 1995 साली तो खुनाचा खटला दिवसचे दिवस टीव्हीवर चालला, मालिकांचे भाग कापले गेले, आणि सवय मोडलेले प्रेक्षक परतलेच नाहीत. आम्हाला दोन्ही कारणं लंगडी वाटतात. बायका आपल्याकडेही नोकरी करतात आणि परतीच्या लोकलमध्ये मोबाइलवर चुकलेला भाग बघत कल्याण गाठतात. राहिला खटला. 'ठरलं तर मग'मध्ये मधुभाऊंचा खटला दोन वर्षांहून जास्त चालला, आणि आमचा प्रेक्षक प्रत्येक तारखेला हजर. कोर्टाचं काम लांबतं याचं त्याला वाईट वाटत नाही. उलट, मालिका फार वास्तववादी आहे, असं तो म्हणतो.

खरं दुखणं हिशेबाच्या वहीत आहे. अमेरिकेतल्या दुपारच्या जाहिरातींचा भाव वर्षानुवर्षं ठरत आला तो 18 ते 49 वयाच्या बायकांच्या आकड्यावर. आता बघा. एक मुलगी शाळेतून आल्यावर आईच्या मांडीला मांडी लावून मालिका बघू लागली. तिचं लग्न झालं, मुलं झाली, मालिकेतल्या नायिकेचे पाच घटस्फोट आणि हिचं स्वतःचं एक ऑपरेशन पार पडलं, पण हिनं दुपार चुकवली नाही. आणि पन्नासाव्या वाढदिवसाचा केक कापला, की त्या क्षणी ही हिशेबातून बाद! टीव्ही चालू आहे, बाई समोर आहे, घरातला साबणही तीच आणते, पण वहीत तिच्या खुर्चीवर कुणीच बसलेलं नाही. इतकी निर्दय सून आमच्या एकाही लेखकाला आजवर सुचलेली नाही, हे आम्ही हात जोडून कबूल करतो.

मग धोरण असं ठरलं, की जी बघते तिला मोजायचं नाही आणि जी बघत नाही तिच्यामागे धावायचं. तरुण प्रेक्षक हवा म्हणून तरुण पात्रं आणली आणि पोहण्याच्या तलावाकाठी उभी केली. जुन्या आया-आज्या नाताळच्या भागात झाडाशेजारी उभ्या राहण्यापुरत्या उरल्या. तरुण काही आले नाहीत, म्हाताऱ्या तेवढ्या रुसल्या.

आणि तमाशे तर काय विचारता! 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'मध्ये 1993 साली एका बाईला जिवंत गाडलं. पुढच्या वर्षी मार्लिना या मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्याच अंगात सैतान आला आणि त्या पलंगावरून अधांतरी तरंगल्या. 1998 साली 'गायडिंग लाइट'मध्ये नायिकेची हुबेहूब प्रत प्रयोगशाळेत तयार केली. सैतानाच्या वेळी आकडे चढले, नाही असं नाही. पण एकदा नायिका हवेत तरंगली, की पुढच्या सोमवारी नणंदेनं लपवलेल्या पत्राला कोण विचारतो?

एवढा खर्च करायचाच कशाला? आपल्याकडे एक कपबशी पुरते. नायिका चहाचा ट्रे घेऊन येते. दाराआडून तिच्या कानावर पडतं, 'हे तिला कधीच कळता कामा नये.' ट्रे हातातून सुटतो. कप फुटताना तीन बाजूंनी दाखवायचा आणि तिन्ही वेळा ढॅण करायचं. मग कॅमेरा घरातल्या अकरा माणसांवरून फिरवायचा. आजेसासूबाईंची जपमाळ थांबते. सासूचे डोळे मोठे होतात. धाकट्या जावेच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. दीर, मामंजी, आणि सोफ्यावर कायम बसलेले ते काका, ज्यांना चार वर्षांत एक वाक्य मिळालेलं नाही. जाहिराती. परत आल्यावर कप पुन्हा फुटतो, कारण मधल्या वेळात कुणी तरी कुकरखालचा गॅस बंद करायला गेलेलं असतं. 'काय झालं गं?' 'काही नाही आई, हात सुटला.' भाग संपला. काय ऐकलं ते ती नवऱ्याला गुरुवारपर्यंत सांगू शकत नाही, कारण ती तोंड उघडते तेव्हा त्याचा फोन वाजतो. शनिवारी काच वेचताना तिच्या बोटाला लागतं आणि रक्ताचा थेंब नेमका पूजेच्या ताटात पडतो. रविवारी महाएपिसोड. (काच शनिवारपर्यंत तशीच पडली होती का, असं विचारणारा प्रेक्षक आपल्याला नकोच आहे.) एकूण खर्च, कपबशी एक. तीही आधीच्या मालिकेच्या सेटवरून उरलेली.

अमेरिकी मालिकांना पोरं वाढवायचीही फार घाई. बाळाला झोपवायला वरच्या मजल्यावर नेतात आणि दोन-तीन वर्षांत ते मिसरूड फुटून, प्रेमात पडायला तयार होऊन जिना उतरतं. आपण नऊ महिनेसुद्धा पुरवून पुरवून वापरतो. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं, की सोशल मीडियावर त्याच्या विनोदांचा पाऊस पडला. वाहिनी शांत होती. विनोद करायचा तर भाग बघावा लागतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे आपल्याहून सरस होती. 2 एप्रिल 1956 रोजी 'ॲज द वर्ल्ड टर्न्स'चा पहिला भाग झाला. त्यातलं पहिलं वाक्य नॅन्सीच्या, म्हणजे हेलन वॅग्नर या अभिनेत्रीच्या तोंडी होतं. 22 नोव्हेंबर 1963 रोजी केनेडींवर गोळ्या झाडल्याची बातमी सांगायला सीबीएसनं दुपारचा कार्यक्रम मध्येच तोडला, तो हाच. मधले काही खंड सोडले, तर वॅग्नरबाई नॅन्सीच राहिल्या, थेट 2010पर्यंत. त्या वर्षी मे महिन्यात, वयाच्या 91व्या वर्षी, त्या गेल्या आणि सप्टेंबरात मालिका गेली. एवढ्या काळात नॅन्सी पडद्यावरच म्हातारी झाली आणि बघणारीही समोर बसून म्हातारी झाली. याच मालिकेतल्या आयलीन फुल्टन यांनी आपल्या पात्राला आजी करायचं नाही, अशी अट करारात घालून घेतली होती म्हणे. आपल्याकडे तशी अट लागत नाही. नायकाची आई नायकापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी निवडली, की काम भागतं. आणि नायिका बदलायची झाली तर शुक्रवारची वेगळी, सोमवारची वेगळी; घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, खुद्द नवऱ्याच्यासुद्धा.

'जनरल हॉस्पिटल' ही 1963पासून चाललेली मालिका. तीत क्वार्टरमेन नावाचं गडगंज आणि भांडखोर घराणं आहे. दर थँक्सगिव्हिंगला त्यांच्याकडे टर्कीचा काही ना काही सत्यानाश होतो आणि शेवटी झुंबराखाली बसून सगळे पिझ्झा खातात. प्रेक्षकाला हे आधीच ठाऊक असतं, आणि म्हणूनच तो ते बघायला बसतो. मालिकांचा अख्खा धंदा या पिझ्झ्यात आहे. रोज बघणारा माणूस नवीन काय घडलं एवढ्यासाठी येत नाही. आपल्याला जे आठवतं ते यांनाही आठवतं ना, हे तो तपासत असतो. 1981 साली झालेला अपमान 2001 साली कुणी तरी उकरून काढलाच पाहिजे. ज्या घरात लग्नातल्या मानपानाच्या साडीचा पोत तीस वर्षांनी निघतो, त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. लेखक दर सहा महिन्यांनी बदलतात, वाहिनीचे साहेब त्याहून लवकर बदलतात. सगळं लक्षात असतं ते फक्त समोरच्या बाईच्या. तिलाच बाद केल्यावर मालिकेची स्मृती कुणाकडे राहणार?

आता 1981 म्हटलं की ल्यूक आणि लॉराचं लग्न आलंच. 'जनरल हॉस्पिटल'मधला हा सोहळा त्या नोव्हेंबरात सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिला, एलिझाबेथ टेलर पाहुणी म्हणून हजर होती, आणि दुपारच्या मालिकेचा तो उच्चांक अजून मोडलेला नाही. मात्र याच नवरदेवानं दोन वर्षांपूर्वी याच मुलीवर बलात्कार केला होता, तोही मालिकेतच. लेखकांनी त्यावर प्रेमकथेची शाल पांघरली. तिच्यावर काय गुदरलं होतं, हे मालिकेनं सरळ तोंडानं बोलायला 1998 उजाडावं लागलं. आमच्याकडे बायकोला कोंडून ठेवणारे, हात पिरगाळणारे नायक अजूनही 'मनानं फार चांगले' असतात. हा माल आम्हाला परत पाठवायचा आहे, वाहतूकखर्च आमचा.

बाकी तुमची बुद्धी ठिकाणावर येऊ लागल्याची चिन्हं आहेत. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' काढून सीबीएसनं तिच्या जागी 'द टॉक' आणलं होतं: चार-पाच बायका टेबलाभोवती बसून गप्पा मारतात, सेट एक, लेखकांची कटकट नाही. एबीसीनं 'ऑल माय चिल्ड्रन'च्या जागी स्वयंपाकाचा 'द च्यू' आणला होता. 'द च्यू' 2018 साली गुंडाळला, 'द टॉक' 2024च्या डिसेंबरात. आणि 24 फेब्रुवारी 2025 रोजी दुपारी सीबीएसवर 'बियाँड द गेट्स' सुरू झाली. तुमच्या मोठ्या वाहिन्यांवर 1999च्या 'पॅशन्स'नंतर आलेली ही पहिली नवी दुपारची मालिका. वॉशिंग्टनजवळच्या एका श्रीमंत कृष्णवर्णीय घराण्याची ही गोष्ट, आणि घराण्याच्या शिरोभागी आजी-आजोबा आहेत. निर्मात्यांमध्ये कोण आहे? प्रॉक्टर अँड गॅम्बल! एवढ्या वर्षांत गप्पा मारून झाल्या, भाज्या चिरून झाल्या, पण दुपारच्या वेळी साबण कशावर विकला जातो, हे शेवटी साबणवाल्यालाच ठाऊक होतं.

तेव्हा विनंती एवढीच, की पन्नाशी ओलांडलेल्या बाईला मोजायला लागा आणि जाहिरातीचा भाव तिच्यावर लावा. नवा लेखक नेमलात तर आधी त्याला तिच्यासमोर महिनाभर बसवा आणि कुणाचं कुणाशी कधी बिनसलं ते तिच्याकडून पाठ करून घ्यायला सांगा. सैतान, प्रयोगशाळा वगैरे सामान विकून टाका. कपबशा आम्ही पाठवू. मोबदला डॉलरमध्ये चालेल. बोलणी करायची असल्यास भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सात ते साडेदहा सोडून कधीही फोन करा. त्या वेळात आमच्या घरी फोन कुणी उचलत नाही.