तीन की आठ?

सोसायटीचा हिशेब वहीतून एक्सेलमध्ये न्यायचं ठरलं आणि खजिनदार काकांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीनदा शेजारी बसून दाखवलं. चौथ्यांदा हुशारी केली आणि स्क्रीनच रेकॉर्ड केली. चार मिनिटांचा मामला. मग एक्सपोर्टचं बटण दाबलं, तर समोर कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून बसवायच्या पद्धतींची, ही लांबलचक यादी.

आधी प्रोरेस निवडला, नावात ‘प्रो’ आहे म्हणून. फाइल झाली साडेचार जीबी. मेंटेनन्सच्या हिशेबाला लग्नाच्या शूटिंगचा थाट! तशी ही काटकसरच म्हणायची. १९२० बाय १०८० ची स्क्रीन, सेकंदाला ३० फ्रेम, काहीही न दाबता ठेवली तर मिनिटालाच ११ जीबी होतात. पण माझ्या चार मिनिटांत हललं काय? माउसचा बाण. बाकीचे कोडेक अशा वेळी मुरलेल्या कारकुनासारखे ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळे होतात. प्रोरेस प्रत्येक फ्रेम पहिल्यापासून सुवाच्य अक्षरात लिहून काढतो.

मग एव्ही वन. २०१८ चा, कमी जागेत मावणारा. रात्री लावून झोपलो. पहाटेपर्यंत लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता आणि काम झालं होतं चाळीस टक्के.

एच २६५ पटकन झाला. काकांचा फोन आला, “अरे, तुझा आवाज येतोय, पण सगळा अंधार आहे. लाइट गेलेत का तुझ्याकडे?”

शेवटी २००३ सालचा एच २६४. आमच्या लिफ्टपेक्षा वयाने मोठा, पण कुठेही चालतो. काकांकडेही चालला. मी सुटलो.

थकबाकीचे आकडे मी हौसेने निळ्या पट्टीवर लाल रंगात टाकले होते. हा कोडेक उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा वेगळा नोंदवतो. रंग मात्र सहसा चार पिक्सेलांत मिळून एकच. काळ्यावर पांढरं अक्षर त्यात तगून जातं. लाल आणि निळा दोन्ही मुळात गडद, फरक काय तो रंगाचा, आणि तोच पुसट झाला. त्यात काकांनी फाइल व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवली, म्हणजे ती आणखी एकदा पिळून निघाली.

आठवड्याने नोटीस आली. माझी बाकी ३,३०० रुपये होती. नोटिशीत ८,८००.

तक्रार घेऊन वर गेलो. काकांनी चष्मा लावला, व्हिडिओ नेमका तिथे थांबवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

“हे बघ. तुझाच व्हिडिओ आहे.”