नोबी घराण्याचे दप्तर

जे लहान मुलांसाठी म्हणून निर्माण झाले आहे, त्यात लहान मुलांना काय दिसते याची यत्किंचितही चौकशी न करता, त्याच्या तळाशी काहीतरी गूढ, गहन आणि बहुधा अनिष्टच दडलेले असले पाहिजे अशा दृढ श्रद्धेने टीव्हीसमोर ठाण मांडणारा गृहस्थ आपल्या परिचयाचा असेलच. आमच्या इमारतीत या जमातीची वस्ती दाट आहे. तिसऱ्या मजल्यावरील संगणकशास्त्राचा विद्यार्थी शपथेवर सांगतो की, नोबिता हा मुलगा वस्तुतः रुग्णालयात बेशुद्ध पडलेला असून डोरेमॉन नामक निळा यंत्रबोका हे केवळ त्याचे स्वप्न आहे. ही वावडी खुद्द जपानातच ऐंशीच्या दशकात उठली असल्यामुळे तिच्या कर्तृत्वाचे श्रेय मात्र त्याला देता येत नाही. तळमजल्यावरील शिक्षिकाबाईंच्या मते ही मालिका म्हणजे आळसाचे क्रमिक पुस्तक होय, आणि या मताला सरहद्दीपलीकडूनही पुष्टी मिळालेली आहे, कारण २०१६ साली पाकिस्तानातील पंजाब विधानसभेत तिच्यावर बंदी घालावी अशा आशयाचा ठराव दाखल झाला होता. परंतु हे सारे हौशी लोक. या शास्त्रातील खरे अधिकारी पुरुष म्हणजे आमचे शेजारी आबा.

आबा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आपल्या मेजावर एकही प्रकरण प्रलंबित ठेवले नाही, हा त्यांचा अभिमान आणि आमचा छळ. सुटीतल्या एका दुपारी नातू हिंदीतला डोरेमॉन पाहत असता आबांनी त्याला सहज विचारले, ‘‘हा बोका मुळात इथं आला कशाला?’’ नातवाने उत्तर दिले ते असे की, नोबिताने मोठेपणी काढलेली कंपनी आगीत जळाली, डोक्यावर एवढे कर्ज झाले की शंभर वर्षांनंतरही ते फिटेना, आणि म्हणून त्याच्या सेवाशी नावाच्या खापरपणतूने आपल्या पूर्वजाला सुधारण्यासाठी हे यंत्र भूतकाळात धाडून दिले. हे उत्तर अक्षरशः खरे आहे. फुजिको एफ. फुजिओ यांच्या मूळ चित्रकथेच्या पहिल्याच प्रकरणात ते नमूद असून, त्या बिचाऱ्या सेवाशीला नववर्षदिनाची ओवाळणी म्हणून अवघे ५० येन मिळतात असाही तेथे दाखला आहे. तथापि आमच्या दुर्दैवाने ते आबांनी ऐकले. त्यांनी चष्म्याची दोरी कानामागे नीट बसवली, एका जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतली, डावीकडे समास दुमडला आणि पहिला शेरा मारला: ‘मुळात हे कर्जाचे प्रकरण आहे.’

तेव्हापासून त्या मालिकेत आबांना दुसरे काही दिसलेले नाही. ज्या मोकळ्या भूखंडावर सिमेंटचे तीन नळ रचून ठेवलेले असतात आणि जियान नावाचा दांडगट नोबिताला बडवत असतो, तो भूखंड इतकी वर्षे बांधकामाविना पडून राहतो याचा अर्थ एकच, तो गहाण आहे. नोबिताचा मित्र सुनिओ ज्या परदेशी खेळण्यांचा तोरा मिरवतो ती हप्त्यांवर घेतलेली आहेत. डोरेमॉनला डोराकेक इतके प्रिय का, या प्रश्नावर ‘‘त्याला आवडतात म्हणून’’ हे नातवाचे उत्तर पुराव्याअभावी फेटाळण्यात आले; ते व्याजापोटी दिले जातात, असा निर्णय झाला. २००८ साली जपानच्या परराष्ट्र खात्याने या बोक्याला ॲनिमेचा राजदूत नेमले, ही बातमी मी आबांना मोठ्या आशेने सांगितली. म्हटले, सरकारी नेमणूक म्हटल्यावर तरी गृहस्थ जरा नरमेल. आबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे पगारातून कर्जाची कपात सुरू झाली असेल.’’

परमावधी झाली ती वारसाच्या मुद्द्यावर. नोबिताचे लग्न मूळ भवितव्यानुसार जियानच्या बहिणीशी, म्हणजे जायकोशी, व्हायचे असते. डोरेमॉन आल्यामुळे ते वर्गमैत्रीण शिझुकाशी होणार असे ठरते. मग सेवाशीचा जन्म कसा व्हावा? ही शंका खुद्द नोबितालाही येते, आणि सेवाशी तिचे समाधान असे करतो की, तोक्योहून ओसाकाला कोणत्याही वाहनाने गेले तरी माणूस पोचतो ओसाकालाच. विद्यार्थ्याने हा खुलासा कालप्रवासाच्या सिद्धांतांसह आबांपुढे मांडला. आबांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि सावकाश म्हणाले, ‘‘गाडी बदलता येते, बाळा. खापरपणजी कशी बदलता येईल? खापरपणजी बदलली की वारसाची नोंदच रद्द. आणि वारस नाही, तर कर्ज कोणाकडून वसूल करणार?’’ विद्यार्थी निरुत्तर झाला. तो अजूनही आबांना जिन्यात टाळतो.

या छळाचा वचपा काढण्याच्या हेतूनेच मी एकदा त्यांच्या पत्नीपाशी तक्रार केली. काकू शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितले की, सासऱ्यांनी कोणा स्नेह्याला जामीन राहून जे देणे ओढवून घेतले, ते यांनी पगारातून फेडले. शेवटचा हप्ता गेला तो निवृत्तीच्या थोडा आधी. ‘‘बदल्या झाल्या, बिऱ्हाडं फिरली, हप्ता काही चुकला नाही,’’ एवढे बोलून त्यांनी टरफले सुपात ओढली आणि विषय संपवला.

नोबिताच्या अभ्यासाच्या मेजाच्या खणातून भविष्यकाळ सदेह बाहेर येतो आणि म्हणतो, तुझी चूक आम्ही निस्तरू, तू फक्त थोडा अभ्यास कर. आबांच्या मेजाचा खण आतून कोणीही उघडला नाही. तेव्हा इतर सर्व टीकाकारांना त्या बोक्याच्या पोटावरील जादूच्या खिशाचा हेवा वाटतो आणि या एकट्या माणसाला त्या बोक्याला कोणीतरी पाठवले याचा, एवढे मला कबूल केले पाहिजे, जरी दुपारची झोप मोडून ते कबूल करण्याची माझी तयारी नाही. शिवाय हेही लक्षात आले की, स्वप्न, आळस आणि कालप्रवास यांवर हिरिरीने वाद घालणाऱ्या आम्हा मंडळींपैकी कोणीही त्या नातवाशेजारी बसून एक भागदेखील पुरा पाहिलेला नाही. आबा रोज बसतात. ‘उपस्थित’ असा शेराही मारतात.

परवा नातवाने विचारले, ‘‘आबा, कर्ज फिटलं की डोरेमॉन परत जाणार का?’’

आबांची लेखणी थांबली. मी संधी साधून मध्ये तोंड घातले की, या कथेचा अधिकृत शेवटच उपलब्ध नाही. फुजिको १९९६ साली वारले आणि कथा अपुरीच राहिली. ही माहिती ऐकून आबांना विलक्षण हुशारी आली.

‘‘म्हणजे मूळ कर्ताच मयत,’’ ते म्हणाले. ‘‘मग निकाल देण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही. प्रकरण प्रलंबित ठेवावं.’’

‘‘आणि व्याज?’’ नातवाने विचारले. मुलगा तयार होतो आहे.

‘‘व्याज चालू राहील,’’ आबा म्हणाले, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा करण्याचा हुकूम सोडला.