मे महिन्याचे वर्गशिक्षक

निवृत्त मास्तर तसे बारा महिने दिसतात, पण त्यांचा खरा मोसम उन्हाळा. पावसाळ्यात ते गुडघ्यांत अडकलेले असतात आणि हिवाळ्यात मफलरमध्ये. एप्रिल लागला, की फाटकाशी येऊन उभे राहतात. आमच्या नागपुरात प्रत्येक ले-आउटमध्ये असा एक नग असतोच. आमच्या वाट्याला आलेले सर भूगोलाचे आहेत.

नोकरीत असताना मे महिना ही सरांची हक्काची सुट्टी होती, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात ती दहावीचे पेपर तपासण्यात आणि मतदारयाद्या घेऊन दारोदार हिंडण्यात जायची. लोकसभेची निवडणूक असली तर एप्रिलातच मतदान केंद्रावर मुक्काम, कारण राज्यातला पहिला टप्पा आमच्याकडे ठरलेला. "विदर्भाला सगळ्यांच्या आधी काही मिळालं असेल, तर एवढंच," असं सर म्हणतात. शाळा मात्र आमच्या सगळ्यांत शेवटी उघडतात. बाकी महाराष्ट्राची पोरं जूनच्या मध्याला वर्गात बसली, तरी आमची अजून गल्लीत.

आता सरांना सुट्टी कायमची मिळाली आणि तिथेच घोळ झाला. ज्याचा रोजच रविवार, त्याने मे महिन्याचं करायचं काय? सरांनी तोडगा काढला. सगळं गाव सुट्टीवर गेलं, की ते शाळा भरवतात. फी नाही, फळा नाही आणि पटावर अख्खा ले-आउट. नाव कमी करून मिळत नाही.

सकाळी सहाला पेपर आला, की सर आधी तापमानाची चौकट उघडतात. ती ते गुणवत्ता यादीसारखी वाचतात. पहिलं कोण? अकोला, चंद्रपूर की ब्रह्मपुरी? नागपूर चौथं आलं, की त्यांचा चेहरा पडतो. "यंदा अभ्यासच नाही," म्हणून चहाचा कप खाली ठेवतात. नागपूरचा सगळ्यांत मोठा निकाल त्यांना तोंडपाठ आहे: २३ मे २०१३, ४७.९ अंश. २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा ले-आउटमध्ये जवळजवळ पेढे वाटायचे राहिले होते. सर एकटे शांत होते. "कॉपी केस आहे. निकाल राखून ठेवा," म्हणाले. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं. त्या दिवसापासून सरांचा भाव वधारला, तो अजून उतरलेला नाही.

त्यांच्यासमोर आकडा फेकायची सोय नाही. शेजारच्या बँकवाल्या साहेबांनी एकदा सांगून पाहिलं, की सर, काल माझ्या कारमध्ये एक्कावन्न दाखवत होतं.

"गाडी कुठे उभी होती?"

"ऑफिससमोर. उन्हात."

"मग ते गाडीचं तापमान झालं. गावाचं तापमान सावलीत मोजतात. पांढरी पेटी, झडपांची, जमिनीपासून चारेक फूट वर. बसा."

साहेब बसले. ऑफिसला त्यांना त्या दिवशी उशीर झाला.

सरांचा दुसरा तास रात्री असतो आणि त्याचा विद्यार्थी म्हणजे जावई. जावई पुण्याचा. उन्हाळ्यात आठवडाभर येतो आणि बिचारा पहिल्याच रात्री चुकतो. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून तो कूलर लावून खोलीच्या खिडक्या बंद करतो. अर्ध्या तासात उशी ओली, चादर चिकट. आणि दारात सर, हातात टॉर्च.

"जावईबापू, कूलर म्हणजे एसी नव्हे. ताटीतलं पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. ती दमट हवा बाहेर पडायला वाट नको? मडक्याचं पाणी गार का होतं?"

"बाबा, साडेअकरा वाजलेत."

"वाजू द्या. मडक्याचं पाणी गार का होतं?"

"अहो, झोपू द्या त्यांना," असा आतून काकूंचा आवाज येतो. तोवर जावयाने उत्तर दिलेलं असतं. तो आता इतका तरबेज झाला आहे, की मडक्याच्या छिद्रांपासून जूनमधल्या दमट हवेत कूलर का पांगळा होतो इथपर्यंत सगळं एका श्वासात म्हणतो. मागल्या वर्षी त्याने भीत भीत सुचवलं, की या खोलीला एक एसी बसवून टाकू, पैसे मी देतो. सर म्हणाले, "एसी म्हणजे गाइड वाचून पास होणं." विषय तिथेच संपला. काकूंचा चेहरा मात्र मी पाहिला आहे. त्या गाइड वाचून पास व्हायला एका पायावर तयार होत्या.

आंब्याच्या गाडीवर तर सरांची मौखिक परीक्षाच असते. गवताने भरलेली पेटी, वर मोठ्या अक्षरांत 'रत्नागिरी हापूस'. सर आंब्याला हातही लावत नाहीत. ते गवत बाजूला करतात, खालचा वर्तमानपत्राचा कागद हळूच ओढून काढतात आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरतात. अक्षरं गोल गोल, डोक्यावर रेघ नाही.

"ही कुठली लिपी?"

"आता मले का मालूम, मास्तर?"

"कानडी. रत्नागिरीत सकाळी कानडी पेपर येतो काय?" इथून पुढे व्याख्यान. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, जिल्हे पाच, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. यात धारवाड कुठे आहे, दाखव. मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असते आणि तीही ऐकत असते. आंबेवाला पक्का मुरलेला. तो म्हणतो, "पेपर कोनताबी असो सर, आंबा तं गोडच हाय न!" सरांकडे याला उत्तर नसतं. मग ते बाजूच्या ढिगातले दोन किलो बैंगनपल्ली घेतात. या आंब्याच्या नावात आंध्रातलं त्याचं गाव सरळ आहे, त्याने पत्ता लपवलेला नाही, एवढ्यावर त्याला पास करतात. घरी काकू रस काढताना म्हणतात, "हापूस आणायला गेले होते ना?" सर पेपर उघडून तोंडापुढे धरतात.

काकूंकडे सरांचं एक काम कायम असतं: वाळवणाची राखण. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक शिजवून काकू पहाटेच गच्चीवर कुरडया घालतात आणि सरांना डोक्याला दुपट्टा बांधून, छत्री देऊन वर धाडतात. कावळ्यांचा बंदोबस्त सर उत्तम करतात. पोट्ट्यांचा होत नाही. अर्धवट वाळलेली कुरडई, वरून कडक आणि आत चिवट, ही काय चीज आहे ते ज्याने चोरून खाल्ली त्यालाच ठाऊक. पोट्ट्यांनी पद्धतही बसवून घेतली आहे. एकाने जाऊन विचारायचं, "सर, आपल्याकडेच एवढं ऊन काहून?" सर कोळशाचा तुकडा उचलतात. गच्चीच्या फरशीवर भारताचा नकाशा, मग समुद्र किती लांब, मग वायव्येकडून येणारे कोरडे वारे, एकेक बाण. नकाशा काढायला वाकलेल्या माणसाची पाठ वाळवणाकडे असते. श्रीलंका काढून होईपर्यंत चादरीचा एक कोपरा साफ.

सरांना हे कळत नाही, असं पोट्ट्यांचं मत आहे. माझं तसं नाही. प्रश्न विचारणारा पोरगा नवा किंवा लाजरा असला, की सर श्रीलंकेनंतर मालदीवही काढतात, हे मी आमच्या गच्चीवरून पाहिलं आहे.

सर हरतात ते फक्त नवतप्याला. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत गेला, की काकू हुकूम सोडतात: आता नऊ दिवस दुपारी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. सर म्हणतात, हे पंचांग झालं, शास्त्र नव्हे. काकू म्हणतात, "तुमचं हवामान खातं पाच दिवसांचं सांगते, तेही बदलते. आमचं पंचांग वर्षाचं सांगते." आणि पन्ह्याचा पेला पुढे करतात. गूळ, वेलची, वर केशराची काडी. सर पेला रिकामा करतात आणि मतभेद नोंदवायचा विसरतात.

पंचाईत अशी, की सरांचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस नेमका याच नऊ दिवसांत येतो. २६ मे, नागपूरचा शून्य सावली दिवस. सूर्य बरोब्बर डोक्यावर, उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाखाली. यंदा काकूंची दुपारची झोप लागल्याची खात्री करून सर पाइपाचा एक तुकडा घेऊन मैदानात आले. ओळंबा लावून तो उभा केला. भोवती दहा-बारा पोट्टे.

"बारा वाजले, सर!"

"ते मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावरचे बारा. आपला मध्यान्ह बारा वाजून दहा मिनिटांनी."

दहा मिनिटं कुणी हललं नाही. पाइपाची सावली आखडत आखडत बोटभर झाली, नखाएवढी झाली. बारा वाजून नऊ मिनिटांनी कुठूनसा एक ढग आला आणि सूर्यासमोर ठाण मांडून बसला. सगळ्या मैदानाचीच सावली गेली.

"आता पुन्हा कधी, सर?"

"सूर्य परत खाली उतरताना. जुलैच्या मध्यात."

"तवा तं पाऊस राहते."

"अन् शाळा बी राहते," दुसरा म्हणाला.

आजारी आजीचे खोटे अर्ज ज्यांनी नोकरीभर एका नजरेत पकडले, ते सर थोडा वेळ पाइपाकडे बघत उभे राहिले. मग दुपट्ट्याने चष्मा पुसत म्हणाले, "वही आणा रे कुणीतरी. अर्जाचा मसुदा सांगतो, उतरून घ्या. प्रति, माननीय मुख्याध्यापक."

"विषय काय टाकू, सर?"

"टाक, सावली हरवल्याबाबत."