लोटा शेवटच्या फेरीत

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथं आलं, देशभर हिंडलं आणि 1958 साली एक अहवाल लिहून देऊन गेलं. त्यातूनच पुढे 1961 मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक कुणाचं, तर लोट्याचं. कमरेवर कसा बसतो, भरल्यावर तोल कुठे जातो, धार कशी पडते, मोडीत काय येईल, असा सगळा कीस काढून ईम्स दांपत्याने निष्कर्ष दिला की हा कुणा एकाने केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या घडत आलाय.

तिथंच लोट्याचा घात झाला. आज तो सीनियर डिझायनरच्या जागेसाठी शेवटच्या फेरीला बसला, तर पॅनेल पहिल्याच झटक्याला विचारील, ‘‘ते ठीक आहे हो, पण यात तुमचं नेमकं काय?’’

तेव्हा उमेदवार हो, जाताना ‘आम्ही’ घरीच ठेवून जा. टीम 7 जणांची असेल, तर बाकीच्या 6 जणांना तुम्ही ‘मेंटॉर’ केलंत. काम येतं की नाही हे आधीच्या फेऱ्यांत बघून झालेलं असतं. आता बघायचं असतं ते सांगता येतं का.

सादरीकरणात काचेच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्याचा फोटो हवाच. चिठ्ठ्या वाचता येणार नाहीत इतपत तो धूसर असावा, कारण निम्म्यांवर दुपारच्या जेवणाची ऑर्डर असते. मग ब्रिटिश डिझाइन कौन्सिलचा 2005 सालचा ‘डबल डायमंड’: आधी विचार फैलावायचा, मग आवळायचा, पुन्हा फैलावायचा, पुन्हा आवळायचा. प्रत्यक्षात गुरुवारी रात्री साडेअकराला फाउंडरचा व्हॉट्सअॅप आला होता, ‘उद्या लाइव्ह करू या’, आणि तुम्ही निळं बटण हिरवं केलं होतंत. ते सांगायचं नाही. सांगायचं ते असं की 12 ग्राहकांशी बोलून तुम्हाला त्यांची वेदना गवसली आणि हिरव्या बटणाने खरेदी 23 टक्क्यांनी वाढली. तो आठवडा दिवाळी सेलचा होता, हे आपणहून सांगण्यात काही हशील नाही. कुणी विचारलंच, तर ‘फार चांगला प्रश्न आहे’ म्हणून घोटभर पाणी प्यावं.

नंतर व्हाइटबोर्ड. ‘लहान मुलांसाठी एटीएम डिझाइन करा.’ मार्कर हाती आला की लगेच चौकोन काढतो तो ज्युनियर. सीनियर विचारतो, लहान म्हणजे किती लहान? पैसे कुणाचे? एटीएमच का? असं करत 35 मिनिटं काढून शेवटच्या पाचांत एकच चौकोन काढला, की त्याला ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतात. प्रश्न विचारावेत हे खरंच, म्हणा. मुलांना एटीएम कशाला, हे कुणीतरी विचारायलाच हवं. पण उत्तर ‘नको’ असं आलं, तर ते बोर्डावर लिहायची सोय नसते.

पॉल रँडचा दाखला चुकूनही देऊ नका. 1986 मध्ये स्टीव्ह जॉब्जने नेक्स्ट कंपनीच्या लोगोसाठी त्याच्याकडे पर्याय मागितले, तर गड्याने साफ नकार दिला. एकच लोगो केला आणि 1 लाख डॉलर मोजून घेतले. आजच्या शेरेपत्रकात हे ‘फीडबॅक घेण्याची तयारी कमी’ या रकान्यात जाईल. त्याच्याच खाली लोट्याचं नाव: क्राफ्ट उत्तम, ओनरशिप दिसली नाही.

पॅनेलमध्ये कॅमेरा बंद करून एक गृहस्थ बसलेले असतात, ते ‘बार रेझर’. अॅमेझॉनने पाडलेला हा पायंडा: माणूस दुसऱ्या टीमचा, पण नकाराधिकार त्याच्या हाती. तो अपयशाबद्दल विचारतो. अपयश असं निवडावं, की चूक प्रॉडक्ट मॅनेजरची आणि शहाणपण तुमचं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ ही जागा रिकामी का झाली, हे विचारू नये. ‘पहिल्या 90 दिवसांत मी काय केलं तर तुम्हाला समाधान वाटेल?’ हे विचारावं. झाडून सगळे माना डोलावतात, कॅमेरा बंदवालेसुद्धा, बहुधा. नेमणूक झालीच, तर त्या 90 दिवसांतलं पहिलं काम ठरलेलं असतं: आधीच्या सीनियरने हिरवं केलेलं बटण पुन्हा निळं करणं. तेवढं दिवाळी सेलच्या आत उरकून घ्या.