स्वयंपूर्ण संगणक

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेल्या युनिक्स या संगणक-कार्यप्रणालीच्या शाखेस, म्हणजेच बीएसडीस, विश्रांतवाडीतील नवशिक्याने आपला संगणक अर्पण करावा हे सर्वथा स्तुत्य होय. कारण १९९३ चे फ्रीबीएसडी व नेटबीएसडी आणि नेटबीएसडीतूनच १९९५ मध्ये फुटून निघालेले ओपनबीएसडी यांतून एक निवडण्यातच उमेदीची वर्षे सत्कारणी लागतात. ओपनबीएसडीत अनेक वाय-फाय चिपांचे फर्मवेअर, म्हणजे चिप चालती करणारी आज्ञावली, इंटरनेटवरून उतरवावे लागते आणि इंटरनेट त्या फर्मवेअरमुळेच मिळते. हा आदर्श परिसरातील बिल्डरांनीही स्वीकारून सदनिकेची किल्ली आत ठेवूनच कुलूप लावावे. पुढील वाटचालीसाठी सविस्तर मार्गदर्शिका इंटरनेटवर उपलब्ध आहे. ती वाचण्यासाठी वाचकांनी लिनक्सवर चालणारा अँड्रॉइड फोन जवळ ठेवावा.