‘दे इकडे’ काकू

महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे शाळांचे निकाल लागतात आणि दुसऱ्याच दिवशी चाळीच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांशेजारी, कार्डशीटचा एक तुकडा झळकतो. ‘उन्हाळी छंदवर्ग. वय 5 ते 10. दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. दुपारी 4 ते 6. कात्री, रुमाल आणि टाकाऊ वस्तू घरून आणणे.’ अक्षर वळणदार, ‘छंदवर्ग’ला लाल सावली, कोपऱ्यात टिकल्यांचं फुलपाखरू. गिरगावात फणसवाडीत बघा, दादरला हिंदू कॉलनीत बघा, नाहीतर लालबागला गिरणी कामगारांच्या चाळीत. तुकडा तोच, काकूही त्याच. त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला आणि काकांना ठाऊक. पोरं त्यांना ‘दे इकडे काकू’ म्हणतात. का, ते पुढे येईलच.

काकू पन्नाशी ओलांडलेल्या, बँकेतून नाहीतर टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. कॉटनच्या गाऊनवर ओढणी, दोरी बांधलेला चष्मा आणि उजव्या अंगठ्यावर सुकलेल्या फेव्हिकॉलचा कायमचा पापुद्रा. आधार कार्डाच्या वेळी मशीन तो अंगठा घेईचना, असं काका सांगतात. काकांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. या संसारात सगळ्यात जास्त त्यांनीच सोसलंय. सकाळचा पेपर त्यांच्या हाती पडायच्या आत विणायच्या सुईवर गुंडाळून त्याच्या सुरळ्या झालेल्या असतात. अग्रलेखाचा उत्तरार्ध त्यांना पेनस्टँडभोवती गोल फिरून वाचावा लागतो.

काकूंचा माळा म्हणजे मुंबईचं उत्खनन. अगदी तळाशी लाकडी बॉबिन. सासरे गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, बॉबिनच्या मात्र फुलदाण्या झाल्या. त्यावर नारळाच्या करवंट्या. त्यांची कासवं व्हायची. मग कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या, मग कॅसेटी, मग सीड्या. सीडीचं काकूंनी काय केलं नाही ते विचारा: घड्याळ, मोर, गणपतीमागची प्रभावळ. आता सगळ्यात वर हॉटेलातून मागवलेल्या जेवणाचे काळे डबे. ‘हल्ली घरात कुणी चूल पेटवतच नाही हो,’ असं म्हणत काकू शेजारणीकडून आलेला डबा घासतात, पुसतात, वास घेतात आणि वर सरकवतात.

मधला एक थर मात्र गायब आहे. एके काळी काकूंचं सारं वैभव थर्माकोलचं होतं. गरम तारेनं कापलेले खांब, कमानी, वर चमकी. गणपतीत अर्ध्या वाडीची मखरं त्यांच्या हातची. 23 मार्च 2018 ला राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड. त्या दिवशी माळ्यावर अख्खा म्हैसूर पॅलेस होता. ठेवावा तर गुन्हा, टाकावा तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळे साक्षीदार. काकांनी तो रोज रात्री एकेक बुरूज असा, भाजीच्या पिशवीतून खाली नेला. त्यानंतर काकू पुठ्ठ्यावर आल्या आणि पर्यावरणावर बोलू लागल्या. दोन्ही एकाच आठवड्यात.

टाकाऊतून टिकाऊ हे त्यांचं व्रत. पण टाकाऊ मिळायला तर हवं! पूर्वी कुल्फीच्या काड्या पोरं स्वतः चोखून आणायची. आता काड्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर पाकिटात मिळतात, कोऱ्या करकरीत, रंगीतसुद्धा. काकू एप्रिलातच एक फेरी मारून येतात. घोटीव कागद, क्रेप, चमकी, बाहुल्यांना लावायचे हलणारे डोळे. येताना वाट वाकडी करून भुलेश्वरहून लेस आणि मणी. एक रिकामी बाटली टिकाऊ करायला जेवढा माल लागतो तो त्या बाटलीतल्या सरबतापेक्षा महाग पडतो. पालकांना हे कळत नाही असं नाही. पण भर मे महिन्यात दोन तास घर शांत राहतं, त्याची किंमत कोण काढत बसतो?

पहिला आठवडा भेंडीचा. भेंडी आडवी चिरायची, रंगात बुडवायची, कागदावर दाबायची. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. पहिलीतल्या पोराला डोळे मिटून जमेल असं काम. पोरगा भेंडी दाबतो, हात जरा घसरतो, फुलाला शेपूट फुटतं. तो खूश, कारण त्याचा धूमकेतू झालेला असतो. तेवढ्यात वरून आवाज येतो, ‘दे इकडे.’ काकू भेंडी हातात घेतात, श्वास रोखतात, एका रेषेत सहा फुलं उमटवतात, त्यांना देठ काढतात, देठांना पानं. ‘हं, आता तुझं नाव घाल खाली.’ पोरगा नाव घालायला घेतो. ‘दे इकडे, बाळा. वेलांटी चुकली.’

या दोन तासांत पोरांचं स्वतःचं असं काम एकच. तळहातावर फेव्हिकॉल फासायचा, फुंकर मारत वाळवायचा आणि हातावरच्या रेषांसकट ती पांढुरकी कातडी अलगद सोलून काढायची. ज्याची न फाटता निघाली तो त्या दिवसाचा राजा. यात काकूंना फिनिशिंग करता येत नाही.

फिनिशिंग हा काकूंचा प्राण. मुलाला त्याच्या हातानं करू द्या, हे ताराबाई मोडक आयुष्यभर सांगत राहिल्या आणि त्यांचं शिशुविहार दादरचंच, हे काकूंना पक्कं ठाऊक आहे. वर्गाच्या पहिल्या दिवशी त्या ताराबाईंचं नाव आदरानं घेतात आणि मग कात्रीही स्वतःच घेतात. एकदा वरच्या मजल्यावरचे एक इंजिनिअर बाबा वर्गात आले आणि त्यांनी अरविंद गुप्तांची पद्धत दाखवली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, त्यांत गुल खरवडलेल्या आगकाड्या; झाला त्रिकोण, झाला चौकोन, झालं घर. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, हे पोरांनी आपलं आपण शोधून काढलं. अर्धा तास कुणी ‘काकू’ म्हणून हाक मारली नाही. काकूंची चलबिचल सुरू. ‘छानच आहे हो,’ शेवटी त्या म्हणाल्या, ‘पण याला लेस कुठे लावायची?’

शेवटच्या दिवशी गॅलरीत प्रदर्शन. कठड्याला साडी बांधलेली, तिच्यापुढे पाटांवर पेनस्टँड, लोकर गुंडाळलेल्या बांगड्यांची तोरणं आणि बाटल्यांचे पेंग्विन. 2017 साली राणीच्या बागेत खरे पेंग्विन लोकांना बघायला मिळू लागले आणि तेव्हापासून बाटलीचा ससा मागे पडला. सगळे पेंग्विन एकाच दिशेला बघतात, एकाच उंचीचे, एकाच तऱ्हेची टाय लावलेले. आया मोबाइल काढतात. ‘हे आमच्या चिऊनं केलं!’ चिऊ खरं सांगायला तोंड उघडते, ‘मी फक्त चोच…’ पण तोवर फोटो आजोळी पोचलेला असतो.

एकट्या काकूंना बोल लावण्यात अर्थ नाही. वाकडा पेंग्विन घरी गेला तर आईचाच फोन येतो, ‘काकू, बाकीच्यांचे सरळ आहेत.’ कोठारी आयोगानं (1964-66) शाळेत कार्यानुभव असावा असं सुचवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे शेतं, कारखाने, कार्यशाळा होत्या. आपल्याकडे अनुभव आईला आणि गुण मुलाला अशी वाटणी झाली. जूनमध्ये शाळा उघडली की छंदवर्गातला माल त्याच खात्यात जमा होतो. मग जुलैत एखादी आई दबक्या आवाजात विचारते, ‘एखादा जास्तीचा आहे का हो?’ असतो.

पण रोज पावणेसहाला एक मजा होते. कुकरची शिट्टी वाजते आणि काकू आत जातात. तेवढ्या वेळात सतरंजीवर काय काय होतं! खोक्याची बेस्टची बस होते, तिला एकाच बाजूला तीन चाकं. मिठाईच्या डब्यात लालबागचा राजा बसतो, डोक्यावर टिकल्यांचा मुकुट, एक डोळा पेंग्विनचा. समोर आगकाड्यांची नवसाची रांग आणि रांगेवरून मारामारी. कुणाच्या तरी केसांत डिंक जातो. काकू पदराला, म्हणजे ओढणीला, हात पुसत बाहेर येतात. ‘हा काय पसारा! दे इकडे, उद्या नीट करू.’ बस माळ्यावर जाते, राजाही जातो. उद्या तोरणं असतात, परवा पेंग्विन. मग पाऊस लागतो आणि नीट करायचं राहून जातं. घरोघर गेलेले पेंग्विन दिवाळीच्या साफसफाईत निघतात. तीन चाकांची बस अजून माळ्यावर आहे. माझं मत विचाराल तर काकूंनी फी घ्यावी ती कुकरच्या त्या पाच मिनिटांची, आणि रोज दोनदा कुकर लावावा.

तर यंदाच्या वर्गासाठी जुन्या लग्नपत्रिका हव्यात असा काकूंचा निरोप आहे. पत्रिकांच्या दुकानांची कांदेवाडी हाकेच्या अंतरावर, लग्नसराई जोरात, घरोघर गठ्ठे पडलेत. मात्र गणपतीचं चित्र असलेल्या नकोत. त्या कापायला काकूंचा हात धजत नाही. म्हणजे पत्रिका नकोतच. रिकामी खोकी पाठवा, जमतील तेवढी. आणि ज्यांच्याकडे काकूंचा नंबर आहे त्यांनी पावणेसहाला फोन करावा, तब्येतपाणी विचारावं, सुनेचं कसं चाललंय तेही विचारावं. घाई करू नये.